डॉल्फिनच्या घरचं वळण

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



या व्याख्यानासाठी मला आधी जे शीर्षक कळवण्यात आलं होतं, त्यात डॉल्फिनला 'समुद्रातला हसरा मित्र' म्हटलं होतं. त्यातले 'हसरा' आणि 'मित्र' हे दोन्ही शब्द मी विनंती करून काढायला लावले. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. वर्गात कुणी 'बिचारी गाय' म्हटलं, तरी 'बिचारी कशावरून?' असा प्रश्न यायचा, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. तेव्हा आपणही तिथूनच सुरुवात करू. डॉल्फिन हसरा कशावरून? आणि मित्र कुणाचा?

ते हसू म्हणजे जबड्याची ठेवण आहे, दुसरं काही नाही. डॉल्फिनला चेहऱ्यावर भाव आणता येत नाहीत. तो उपाशी असो, जाळ्यात अडकलेला असो की मरून किनाऱ्याला लागलेला असो, तोंडाची कड वर वळलेलीच राहते. तलावात कोंडून खेळ करवणाऱ्यांचा धंदा याच ठेवणीवर इतकी वर्षं चालला. प्राणी दुःखी दिसतच नाही म्हटल्यावर तिकीट काढणाऱ्याचं मन कशाला खाईल? आपल्या देशाने २०१३ साली असले खेळ सुरू करायला मनाई केली, ही समाधानाची गोष्ट.

आता मैत्री. स्कॉटलंडच्या ईशान्येला मोरे फर्थ नावाची खाडी आहे. १९९०च्या दशकात तिथल्या किनाऱ्यावर पॉरपॉइज मरून लागत होते. पॉरपॉइज हा डॉल्फिनचा छोटा, आखूड तोंडाचा नातलग. आपल्या समुद्रातही त्याची एक जात आहे, तिला आपल्याकडे बुलगा म्हणतात. तर या मेलेल्या पॉरपॉइजच्या बरगड्या मोडलेल्या, आतले अवयव फुटलेले आणि कातडीवर दातांचे समांतर ओरखडे. ते ओरखडे मोजले, तेव्हा त्यांच्यातलं अंतर त्याच खाडीतल्या बॉटलनोज डॉल्फिनच्या दातांशी जुळलं. मारणाऱ्यांनी ते प्राणी खाल्लेही नव्हते. पुढे त्याच पद्धतीने मारलेली डॉल्फिनची स्वतःची पिल्लंही सापडली.

हे मी डॉल्फिनला बदनाम करायला सांगत नाही. कौतुक जरा बाजूला ठेवलं, तर त्याहून फार मोठी गोष्ट दिसते, म्हणून सांगतो. डॉल्फिन कसा जगतो, या प्रश्नाला एक उत्तर नाही. कुठल्या खाडीतला डॉल्फिन, कुणाच्या पोटचा आणि कुणाच्या संगतीतला, हे आधी विचारावं लागतं. त्याच्या जगण्यातला मोठा हिस्सा शिकलेला असतो. तो आईकडून येतो, सोबत्यांकडून येतो, आणि एका ठिकाणचा दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

पण आधी शरीर. ते थोडक्यात आटोपतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

डॉल्फिन जमिनीवरून पाण्यात गेला. मासा शेपूट डावी-उजवीकडे मारतो, डॉल्फिन वर-खाली मारतो; चौखूर उधळणाऱ्या जनावराचा कणा असाच वर-खाली वाकतो. आजच्या प्राण्यांमध्ये त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक पाणघोडा. या स्थलांतराचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्या देशातला आहे आणि त्याची हकीकत मोठी मजेदार आहे. ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांनी जम्मू-काश्मीरमध्ये राजौरीकडच्या कालाकोट भागातून जीवाश्म असलेले दगड गोळा केले आणि १९७१ साली त्यांतल्या एका प्राण्याला 'इंडोहायस' नाव दिलं. बरेचसे दगड मात्र फोडायचे राहूनच गेले. राव वारले. त्यांच्या पत्नीने ते दगड जपून ठेवले आणि पुढे हान्स थेविसन या संशोधकाच्या हवाली केले. थेविसन यांच्या प्रयोगशाळेत साफसफाई करताना एका कवटीचा कानाजवळचा भाग चुकून फुटला. आत पाहिलं तर कानाच्या हाडाची एक बाजू विलक्षण जाड. हा जाडपणा तोवर फक्त देवमासे आणि डॉल्फिन यांच्यातच माहीत होता. मांजराएवढा, बारीक पायांचा, हरणाच्या गणगोतातला, सुमारे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी, आणि कान देवमाशाचा! २००७ साली हे प्रसिद्ध झालं. त्या दगडांची रद्दी न करणाऱ्या बाईंचे विज्ञानावर उपकार आहेत.

कान आधी तयार झाला, हे लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत येऊ.

डॉल्फिनला कल्ले नाहीत. श्वासासाठी पाण्याच्या वर यावं लागतं, दिवसा आणि रात्रीही. मग झोपायचं कसं? तर मेंदूचा अर्धा भाग झोपतो, अर्धा जागा राहतो आणि बहुधा एक डोळा उघडा असतो. थोड्या वेळाने पाळी बदलते. पिल्लू झाल्यावर पहिला महिनाभर आई आणि पिल्लू जवळजवळ थांबतच नाहीत. घरात तान्हं मूल असलेल्यांना यात नवल वाटायचं नाही.

आता कानाकडे वळू, कारण डॉल्फिनचा समुद्र हा ऐकण्याचा समुद्र आहे. पाण्यात उजेड लवकर विरतो. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात हातभर खोलीवर काही दिसेनासं होतं. ध्वनी मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्लोरिडातल्या एका मत्स्यालयाचे प्रमुख आर्थर मॅकब्राइड यांनी पाहिलं, की काळोख्या रात्री, गढूळ पाण्यातही डॉल्फिन बारीक जाळं ओळखून टाळतात. हे ध्वनीचं काम असावं, अशी नोंद त्यांनी १९४७ साली करून ठेवली. पक्का प्रयोग व्हायला १९६० उजाडलं. केनेथ नॉरिस यांनी कॅथी नावाच्या डॉल्फिन मादीच्या दोन्ही डोळ्यांवर रबरी वाट्या चिकटवल्या आणि तिला पाण्यात सोडलं. मध्ये अडथळे होते. ती कुठेही न आपटता त्यांतून पोहत गेली आणि पाण्यात टाकलेले माशाचे तुकडे तिने अचूक पकडले.

हे कसं घडतं ते पाहण्यासारखं आहे. आवाज घशातून येत नाही. डोक्यावरच्या श्वासछिद्राखाली, नाकाच्या मार्गात मांसल ओठांसारखी जोडी असते, ती हवेच्या दाबाने थरथरते आणि बारीक 'टिक्' असा ध्वनी निघतो. कपाळावरचा तो फुगीर उंचवटा चरबीचा असतो. ती चरबी ध्वनी एकवटून पुढे फेकते. समोरच्या वस्तूवर आदळून आलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातून आत येतो. तिथेही चरबीची वाट आहे, ती थेट त्या जाड हाडाच्या कानापर्यंत जाते. माणसाला फार तर २० किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. बॉटलनोज डॉल्फिन १५०च्या आसपासपर्यंत ऐकतो. मासा जवळ येतो तसे हे टिक् टिक् इतके भराभर होतात, की त्यांची एक गुणगुण होऊन जाते.

आणि मासा दिसतो म्हणजे नेमकं काय 'दिसतं'? माशाच्या शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असते, त्यामुळे त्याच्यापासून प्रतिध्वनी बेताचाच येतो. पण पुष्कळ माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, पोहताना तरंगण्यासाठी. त्या हवेवरून ध्वनी जोरात परततो. डॉल्फिनला प्रामुख्याने ही पिशवी ऐकू येते. ज्या माशाला पिशवी नाही आणि जो वाळूत रुतून बसतो, तो डॉल्फिनच्या कानातून निसटतो. हा तपशील पुढे फार कामाचा आहे.

टिक् टिक् हे शोधण्याचं साधन. बोलण्यासाठी शीळ असते. प्रत्येक बॉटलनोज डॉल्फिनची स्वतःची एक शीळ असते आणि ती त्याने पिल्लूपणीच घडवलेली असते. मेल्बा आणि डेव्हिड कॉल्डवेल या दांपत्याने १९६५ साली हे प्रथम मांडलं. ही शीळ म्हणजे नावच का, यावर पुष्कळ वाद झाला. २०१३ साली स्टेफनी किंग आणि व्हिन्सेंट जॅनिक यांनी मोकळ्या समुद्रातल्या डॉल्फिनना त्यांच्याच शिळेची नक्कल ऐकवली. ज्याची शीळ, त्याने उत्तर दिलं. दुसऱ्याची ऐकवली तर नाही. त्याच वर्षी जेसन ब्रुक यांनी दाखवलं, की एकेकाळी एका तलावात राहिलेले आणि नंतर वीस वर्षांहून जास्त काळ ताटातूट झालेले डॉल्फिन जुन्या सोबत्याची शीळ ओळखतात. वीस वर्षांनी भेटलेल्या वर्गमित्राचं नाव आठवताना आपली काय गाळण उडते, ते आपल्याला माहीत आहे.

फ्लोरिडातल्या सारासोटा उपसागरात १९७०पासून डॉल्फिनच्या त्याच कुटुंबांवर लक्ष ठेवलं जातं. पणजीपासून पणतूपर्यंत नोंदी आहेत. साठी ओलांडलेल्या माद्याही तिथे नोंदल्या गेल्या. या नोंदींतून लायला साईग यांनी २०२३ साली एक मोठी गंमत मांडली. १९ आयांच्या शिळा त्यांनी तपासल्या. पिल्लू जवळ असलं, की आईची शीळ बदलते. शीळ तीच, पण वरचा सूर आणखी वर चढतो. तान्ह्याशी बोलताना बायकांचा आवाज चढतो, हे जगभर दिसतं. डॉल्फिनची आईसुद्धा लाडात येऊन बोलते, असं म्हणायला आता माझी हरकत नाही. इथे पुरावा आहे.

पिल्लू वर्षभर पोटात वाढतं आणि बहुतेक वेळा शेपटीकडून जन्मतं. आईच्या अंगाला चिकटून पोहताना आईने कापलेल्या पाण्याच्या ओढीतच ते अर्धंअधिक वाहत जातं. तीन-चार वर्षं, कधी त्याहूनही जास्त, ते अंगावर पितं. एवढा काळ कशासाठी? मासे धरायला तर ते कितीतरी आधी लागतं. उत्तरासाठी आपल्याला ऑस्ट्रेलियात जावं लागेल.

पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्क बे नावाचा उथळ, स्वच्छ पाण्याचा विशाल उपसागर आहे. नावाप्रमाणे तिथे शार्क आहेत. पिल्लं सोडून बाकीच्या डॉल्फिनपैकी ७४ टक्क्यांच्या अंगावर त्यांच्या चाव्याच्या खुणा सापडल्या. रेचल स्मोलकर आणि रिचर्ड कॉनर १९८२ साली तिथल्या मंकी माया या जागी गेले आणि तेव्हापासून काम सुरूच आहे. १९८४ साली एक मादी दिसली, तिच्या तोंडावर काहीतरी भलंमोठं वाढलेलं. पाहणाऱ्यांना वाटलं गाठ असावी. पण पुढच्या वेळी ते दुसऱ्या आकाराचं होतं. तो होता स्पंज, समुद्राच्या तळावर वाढणारा जिवंत स्पंज, तिने उपटून चोचीवर चढवलेला.

जरा जवळून पाहू. खोल नाळेच्या तळाशी मादी जाते, शंकूसारखा पोकळ स्पंज निवडते आणि तोंडावर बसवते. मग तळ उकरत, हळूहळू पुढे सरकते. तळावर शिंपल्यांचे धारदार तुकडे, विषारी काटे असलेले मासे. उघड्या चोचीने उकरलं तर चोच सोलून निघेल. वाळूत दडलेला एखादा मासा धक्का बसून बाहेर उडतो, थोडं अंतर जातो, पुन्हा वाळूत शिरू पाहतो. तेवढ्यात मादी स्पंज टाकते, मासा धरते, वर येऊन श्वास घेते, आणि खाली जाऊन तोच स्पंज पुन्हा घालते. चांगला स्पंज मिळाला, तर ती तो पुन्हा पुन्हा वापरते.

पण एवढा उपद्व्याप कशाला? कान शाबूत आहे, मग ऐकून मासा का धरू नये? कारण हे तळातले मासे हवेच्या पिशवीविना असतात. ते ऐकू येत नाहीत. जे कानाला सापडत नाही, ते चोचीने उकरून काढायचं. आणि चोच वाचवायला अवजार. शिवाय स्पंज चढवला की तिच्याच टिक् टिक् ध्वनीला अडथळा होतो, तो सांभाळून काम करायला शिकावं लागतं. ही कला एका दिवसात येत नाही. स्पंजवाल्या आईचं पिल्लू वर्षानुवर्षं आईच्या मागे तळाशी जाऊन बघत राहतं, तेव्हा येते. मुली बहुतेक सगळ्या शिकतात, मुलगे सुमारे निम्मे. आणि शेजारच्याच नाळेत फिरणारी दुसरी मादी, जिची आई स्पंज वापरत नव्हती, ती आयुष्यभर तो वापरत नाही. मायकेल क्रुट्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली जनुकं तपासून दाखवलं, की हा धंदा जवळजवळ एकाच मातृवंशात चालत आलेला आहे. पूर्वी आपल्याकडे सुताराच्या घरात रंधा जसा बापाकडून पोराकडे यायचा, तसा इथे आईकडून लेकीकडे येतो.

सगळंच आईकडून येतं असंही नाही. त्याच उपसागरात दुसरी एक युक्ती चालते. मोठ्या शंखात मासा शिरला, की डॉल्फिन चोच शंखात घालून तो पाण्यावर आणतो, उभा धरून हलवतो, पाणी ओघळतं आणि मासा तोंडात पडतो. सोन्या वाइल्ड यांनी २०२० साली दाखवलं, की ही युक्ती आईकडून येत नाही, बरोबरीच्या सोबत्यांकडून येते. म्हणजे डॉल्फिनच्या समाजात घरची शिकवण आहे आणि कट्ट्यावरचीही आहे.

मुलगे स्पंज कमी का शिकतात? त्यांना दुसरे उद्योग असतात, आणि ते सभ्य नाहीत. शार्क बेमध्ये दोन किंवा तीन नर एकत्र येऊन एका मादीला घेरतात आणि कधी काही तास, तर कधी आठवडे सोडत नाहीत. ती दूर जाऊ लागली, की 'पॉप' असा कडक आवाज काढतात. आली नाही तर चावतात, धडका देतात. 'प्रणयक्रीडा' वगैरे शब्द इथे वापरणं हा त्या मादीवर अन्याय होईल. ही दोघा-तिघांची टोळी एकटी टिकत नाही. दुसरी टोळी मादी पळवते. म्हणून चार ते चौदा नरांची मोठी युती असते, आणि वेळ पडली तर अशा दोन युत्याही एक होतात. युती-आघाडीचं राजकारण आपल्याला समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की तिथल्या युत्या पंधरा-वीस वर्षं टिकतात. स्टेफनी किंग यांनी या नरांना एकमेकांच्या शिळा ऐकवून पाहिल्या. पूर्वी आपल्या मदतीला धावलेल्या गड्याची शीळ ऐकू आली, की ते चटकन वळतात. कोण कधी कामाला आला, याचा हिशेब तिथे चुकत नाही.

आता ब्राझील. दक्षिण ब्राझीलमधल्या लागुना गावी मच्छीमार कमरेएवढ्या पाण्यात रांगेने उभे राहतात, हातात पाग. आपल्याकडे खाडीत टाकतात तसंच, कडेला शिसं लावलेलं गोल फेकजाळं. मासाही आपल्या ओळखीचा, बोय. पाणी इतकं गढूळ, की बोयीचा थवा पायाशी आला तरी दिसत नाही. डॉल्फिन थवा हाकत किनाऱ्याकडे आणतात. मच्छीमार हलत नाहीत. मग एक डॉल्फिन पाठ कमानीसारखी उंच काढून बुडी मारतो, किंवा डोकं पाण्यावर आपटतो. त्या क्षणी पाग सुटते. जाळं पडल्यावर थवा फुटतो, सैरावैरा झालेले मासे डॉल्फिनच्या तोंडी येतात. हे शतकाहून जास्त काळ चाललेलं आहे. माणसांच्या घरात बापाकडून मुलाकडे आणि डॉल्फिनच्या घरात आईकडून पिल्लाकडे, अशा दोन परंपरा एका काठावर शेजारी शेजारी. सगळे डॉल्फिन यात नसतात. मच्छीमार त्यांना 'चांगले' आणि 'वाईट' असे वेगळे ओळखतात, चांगल्यांना नावं ठेवतात. नावं ठेवतात म्हणजे नावं देतात; वाईटांना बहुधा दुसऱ्या अर्थाने ठेवत असतील!

यात डॉल्फिनचा खरंच फायदा आहे, की माणसाला तसं वाटतं? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ड्रोन आणि पाण्याखालचे ध्वनिग्राहक लावून हे तपासलं. इशाऱ्याबरोबर जाळं पडलं, तर माणसाला मासे जास्त मिळतात, आणि नेमक्या त्याच वेळी डॉल्फिनची ती शेवटची गुणगुण वाढते, म्हणजे तोही शिकार साधतो. माणसांबरोबर काम करणारे डॉल्फिन जगण्यातही सरस ठरले. पण बोय कमी होत चालली, जाळी टाकणारी तरुण पोरं कमी झाली, तर हे संपेल, अशी भीती तेच अभ्यासक व्यक्त करतात. त्या दिवशी जगातली बॉटलनोज डॉल्फिनची संख्या मुळीच कमी होणार नाही. सरकारी तक्त्यात ते नुकसान कुठल्याच रकान्यात बसणार नाही.

असली वळणं हौसेपोटीही लागतात. ॲडलेडच्या पोर्ट नदीत बिली नावाची मादी होती. ती १९८८ साली अडचणीत सापडली म्हणून तिला काही आठवडे एका डॉल्फिनालयात ठेवलं. तिथले शिकवलेले डॉल्फिन शेपटीवर उभे राहून पाण्यावर 'चालत'. बिलीला कुणी काही शिकवलं नाही. सोडल्यावर काही वर्षांनी ती मोकळ्या पाण्यात शेपटीवर चालू लागली. तिचं पाहून दुसऱ्याही चालू लागल्या. यातून मासा मिळत नाही, शत्रू पळत नाही, फुकट दम मात्र लागतो. बिली २००९ साली गेली. नंतर एक-दोन वर्षं ही टूम जोरात होती, मग ओसरली. मला डॉल्फिनविषयीच्या साऱ्या संशोधनात ही हकीकत सर्वांत आवडते, कारण ती कशाच्याच उपयोगाची नाही.

माणसामुळे समाजच कसा दुभंगतो, त्याचं उदाहरण ब्रिस्बेनजवळच्या मोरेटन बेचं आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिथे एकाच पाण्यात डॉल्फिनचे दोन समाज राहत होते. एक कोळंबीच्या ट्रॉलरमागे फिरून फेकलेली मासळी खाणारा, दुसरा स्वतः मासे धरणारा. दोघांत उठबस जवळजवळ नव्हती. पुढे ट्रॉलिंगवर बंधनं आली, बोटी घटल्या, आणि काही वर्षांत दोन्ही समाज एकमेकांत मिसळले. आपण एक बंदर बंद करतो, एक मासेमारी उठवतो, तेव्हा पाण्याखाली कुणाकुणाचे सोयरेसंबंध बदलतात, याचा हिशेब कुठल्या खात्याने ठेवावा?

आता घरी येऊ. आपल्या किनाऱ्याला सगळ्यांत जास्त दिसतो तो कुबडवाला डॉल्फिन, हिंदी महासागरातला हंपबॅक. कोकणात त्याला गादा म्हणतात. वर येताना आधी लांब चोच दिसते, मग पाठीवरचा लांबट उंचवटा, आणि त्या उंचवट्यावर बसवल्यासारखा छोटा पर. उड्या क्वचित. वर येतो, एक फुसकारा, आणि गेला. दक्षिण आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या किनाऱ्यांची ही जात आहे. ती वेगळी आहे, हे शास्त्रज्ञांनी २०१४ साली नक्की केलं, आणि जागतिक यादीत ती आज 'संकटग्रस्त' आहे. कारण तिचा पत्ता. साधारण २५ मीटरच्या आतलं उथळ पाणी, किनाऱ्यापासून काही किलोमीटर, खाड्यांची तोंडं. नेमक्या त्याच पट्ट्यात आपलं सगळं आहे: जाळी, जेट्ट्या, सांडपाणी, बंदरं, भराव. खोल समुद्रातला डॉल्फिन दूर निघून जाऊ शकतो. याला जायला जागा नाही.

मच्छीमारांची तक्रार इथे मोकळेपणाने मांडली पाहिजे. गादा जाळ्यातले मासे काढून नेतो आणि जाळी फाडतो. सिंधुदुर्गात कोकण सीटेशियन रिसर्च टीमने गावोगाव मच्छीमारांशी बोलून काम केलं, तेव्हाही हे गाऱ्हाणं पुढे आलं. एक कांडाळ फाटली, की दुरुस्तीत दिवस जातात आणि खिसा रिकामा होतो. शहरातल्या लोकांनी 'जीवदया' शिकवायला जाऊ नये. आणि तरीही याच लोकांनी जाळी कापून अडकलेले डॉल्फिन, कासवं, बहिरी (व्हेल शार्क) सोडली आहेत. २०१८च्या अखेरीपासून राज्यात अशा कापलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडवतानाचा फोटो आणि अर्ज लागतो. आज सभागृहात खारवी, गाबीत, कोळी मंडळी असतील, त्यांनी ही माहिती आपापल्या बंदरावर जरूर पोचवावी. अजून सगळ्यांना ती ठाऊक नाही.

शेवटी पर्यटन. त्यावर बोलायची मला मुद्दाम विनंती झाली होती. हवाईचे स्पिनर डॉल्फिन रात्री खोल पाण्यात शिकार करतात आणि दिवसा उथळ उपसागरात झोपायला येतात. पर्यटकही दिवसाच येणार. झोप मोडते म्हणून २०२१ साली अमेरिकेने तिथे किनाऱ्यालगतच्या समुद्रात या डॉल्फिनपासून ५० यार्ड दूर राहण्याचा नियम केला.

मंकी मायाचं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. तिथे डॉल्फिन दाखवणारी एक बोट होती, मग दुसरी आली. लार्स बेयडर आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षांच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि २००६ साली निष्कर्ष मांडला: दुसरी बोट आल्यावर त्या पट्ट्यातले डॉल्फिन साधारण सातात एक या प्रमाणात कमी झाले. सरकारने दोनपैकी एक परवाना काढून घेतला. या अभ्यासातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग पुढे आहे. उरलेले डॉल्फिन बोटींना अगदी सरावलेले दिसत होते. दिसणारच, ज्यांना बोटी सोसल्या नाहीत, ते निघून गेले होते. पाहणाऱ्याला उरलेलेच दिसतात, गेलेले दिसत नाहीत.

तेव्हा बोटीवर गेलात तर तांडेलाला सांगा, की समोरून किंवा मागून अंगावर घालू नकोस, बाजूने जा. लांबूनच वेग उतरव. घेर घालू नकोस. आई आणि पिल्लू यांच्या मध्ये शिरू नकोस. आणि काही वेळाने निघ. 'डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे नकोत' अशी पाटी असलेल्या बोटीत बसूच नका. तो तांडेल बिचारा पैशासाठी पाठलाग करणार, त्याला दुसरा मार्ग तुम्ही ठेवलेला नसतो.

'आमचे डॉल्फिन बोटींना सरावलेत,' असं आपल्याकडे सगळेच सांगतात. मंकी मायात दोन बोटी होत्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी कर्द्याच्या किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर किती सुटतात, ते एकदा जाऊन मोजा.

प्रश्न असतील तर आता घेऊ. विद्यार्थ्यांचे आधी.